उत्तर की दक्षिण

तीस वर्षं या एका प्रश्नावर आमची चूल पेटली.
दाबोळीला विमान उतरायचं,
गुरुदास पुठ्ठ्यावर कुणा बन्सलचं, कुणा इव्हानोव्हचं नाव धरून उभा,
आणि डिकीत बॅगा टाकता टाकता विचारायचा :
उत्तर की दक्षिण?
आम्ही राहतो मडकईला,
दोन्हींच्या मध्ये कुठेतरी,
जिथे त्याचं गिऱ्हाईक
गाडी पंक्चर झाली तरच उतरतं.

आता फोंड्यात, मिठाईच्या दुकानावरच्या माडीत
वरदा सावईकर टेबलावर व्हिएतनाम पसरते.
लांबट, कमरेत बारीक,
चवथीला माटोळीला बांधलेल्या पडवळासारखा देश.
बोट वर नेते, बोट खाली आणते,
म्हणते, काका, पाचच रात्री आहेत.
उत्तर की दक्षिण?

मी हसू दाबायला पर्समध्ये काहीतरी शोधलं.
तो गप्प,
चढावर चुकीच्या गिअरात अडकलेल्या गाडीसारखा.

मग आठवडाभर जेवणात तेच.
सुंगटांच्या हुमणात बोट बुडवून
तो ताटाच्या काठावर रेघ ओढायचा :
हे हनोई. इथून रात्रीची बस. इथे गुहा.
मग विमान, मग सायगाव, मग मेकाँगची होडी,
सहाव्या दिवशी पहाटे परत.
मी म्हटलं, आणि आंघोळ?

गिऱ्हाइकांना काय सांगतोस रे तू,
चार दिवसांत आग्वादपासून पाळोळेपर्यंत सगळं मागणाऱ्यांना?
ताटाकडे बघतच म्हणाला :
सांगतो, साहेब, एक बाजू धरा,
नाहीतर गोवा म्हणून माझ्या सीटचं कव्हर बघून जाल.

त्याची आणखी एक युक्ती आहे.
काय हवं ते विचारायचं नाही, लोक खोटं सांगतात.
काय नको ते विचारायचं.

मला नारळ नको, मी म्हटलं.
होडी नको. खाजनासारखं शेत तर नकोच,
चिखलात वाकलेली बाई दिसली
की मी तिथेही बांध फुटलाय का बघत बसेन.
तो बराच वेळ विचार करत राहिला.
मला, म्हणाला,
मागच्या सीटवरून कुणी विचारायला नको
अजून किती वेळ लागेल.

दक्षिण अशी गेली. अर्धीअधिक.
उरलेली स्वेटरने घालवली.
बेळगावच्या नणंदेने दिलेला, मोरपंखी,
अठरा वर्षं डांबराच्या गोळ्यांच्या संगतीत.
वरदा म्हणाली होती, जानेवारीत हनोईला गार असतं.
गार म्हणजे किती गं?
तिने नुसते खांदे आवळून दाखवले.
तेवढ्यावर माझं ठरलं.
लोक देश बघायला जातात,
मी एका स्वेटरला फिरवून आणणार आहे.

तो अजून मधूनच म्हणतो, खाली गेलो असतो तर.
म्हणू दे.
पासपोर्ट दहा वर्षांचा आहे.

काल वरदाचा फोन आला.
तिकडे विमानतळावर माणूस येईल, पाटी घेऊन.
काय नाव लिहायला सांगू?
गुरुदासने फोन माझ्या हातात दिला
आणि उगाच गाडी पुसायला अंगणात गेला.

रात्री मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर
मार्करने लिहिलं : गुरुदास आणि सुलक्षा.
दाराशी धरून उभी राहिले.
म्हटलं, ये बघू, उतरलास विमानातून.
तो नवी बॅग ओढत आला,
चाकं लाद्यांवर खडखडली,
आणि सरळ माझ्यापुढून निघून गेला.

दिसलं नाही का रे?
थांबला. कानामागे खाजवलं.
तीस वर्षं मी मागच्या बाजूला होतो गे, म्हणाला,
नाव पुढून कसं दिसतं
ते कुणाला ठाऊक.